कृष्णाकाठच्या कोट्या

महाबळेश्वर ते कोल्हापूर हा पट्टा मोठ्या रस्त्याने एका दिवसात उरकतो. मी तो कृष्णेचा काठ धरून, गावोगावी उतरत केला. घाट, वाडे, उसाचे मळे, जुनी देवळं दिसणार हे ठाऊक होतं. अनपेक्षित होती ती इथल्या लोकांची बोलण्याची हौस. या काठावर प्रत्येक गावाकडे स्वतःच्या नावावरची एखादी कोटी असते आणि शेजारच्या गावाशी इतिहास-भूगोलावरून चालत आलेला एखादा गोडीगुलाबीचा वाद असतो. एसटीच्या बाकावर, देवळाच्या ओवरीत, चहाच्या टपरीवर कोणीही तो सुरू करतं. हसून पुढे जावं म्हटलं तर जमत नाही, कारण कोटी थोडी खरवडली की खाली एखादा तह निघतो, एखाद्या जिल्ह्याची हद्द निघते, नाहीतर एखादं धरण.

वाद अगदी उगमापासूनच सुरू होतो. जुन्या महाबळेश्वरातल्या पंचगंगा मंदिरात गोमुखातून पाणी पडतं. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तिथे मानतात. यांतली सावित्री पश्चिमेला उतरून बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णेला तोच समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६५ किलोमीटरवर आहे, पण ती त्याच्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालचा उपसागर गाठते. हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. कड्यावर उभं राहून एका बाजूला कोकणाची खोल दरी आणि दुसऱ्या बाजूला देशाकडे हळूहळू रुंदावत गेलेलं खोरं पाहिलं की ते डोळ्यांना पटतं.

पुजाऱ्यांच्या लेखी कृष्णा गोमुखात जन्मते. खालच्या खोऱ्यातल्या माणसांना हे अर्धंच मान्य आहे. वाईच्या पश्चिमेला, खोऱ्याच्या पार टोकाशी जोर नावाचं गाव आहे. डोंगरातले ओहोळ एकत्र येऊन जिला नदी म्हणावं असा प्रवाह तिथे होतो. बांधावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला ऐकवलं, “नाव दिलं म्हाबळेश्वरानं, पण जोर आमचाच हाय.” त्यांच्या या कोटीत जलविज्ञान अगदी चोख आहे. श्रद्धेचा उगम आणि प्रवाहाचा उगम या दोन जागा वेगळ्या असतात, हे त्यांनी एका वाक्यात सांगितलं. जोरच्या खाली बलकवडीचं धरण लागतं, मग धोमचं, आणि त्या जोराला तिथे पहिला बांध पडतो.

वाईत शिरलं की कोणीतरी सांगतंच, “आमच्या वाईत सगळं आहे, फक्त ‘ट’ नाही.” ही कोटी किती पिढ्यांची असेल कोण जाणे, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती आत्ताच सुचल्यासारखा आनंद असतो. गाव खरोखरच भरलेलं आहे. नदीला ओळीने घाट, प्रत्येक घाटामागे आळी, आणि थंडीत एकेका घाटावर पाळीपाळीने होणारा कृष्णाबाईचा उत्सव. आपल्या घाटाचा उत्सव जुना की शेजारच्या, यावर आळीआळीत मतं आहेत. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. दर्शन घेऊन झालं की देवळाला वळसा घालून मागची भिंत जरूर बघावी. ती सरळ नाही, माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी येऊन आदळलं की दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, अशी ती योजना. त्या धारेवरून हात फिरवताना बांधणाऱ्याने नदी किती बारकाईने पाहिली होती ते समजतं.

वाईचे दोन मोठे दावे आहेत. पहिला, ही महाभारतातली विराटनगरी. पुरावा म्हणून गावाजवळचा पांडवगड दाखवतात. हाच दावा राजस्थानातल्या बैराटचाही आहे आणि कर्नाटकातल्या हनगलचाही. पांडव अज्ञातवासात होते, तेव्हा पत्ता एकच ठरवायचा कसा, असा वाईकरांचा युक्तिवाद. मला तो फार आवडला. दुसरा दावा दक्षिण काशीचा. नाशिक, पैठण यांनाही दक्षिण काशी म्हणतात, आणि याच प्रवासाच्या शेवटी येणारं करवीर, म्हणजे कोल्हापूर, तर स्वतःला ठासून दक्षिण काशी म्हणवतं. म्हणजे एकाच खोऱ्याच्या दोन टोकांना दोन काश्या. पण वाईला वेगळा, वादातीत असा एक मान आहे. मराठी विश्वकोशाचं काम इथून चाललं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ते उभं केलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला. विश्वकोशाचं कार्यालय गंगापुरीत आहे. “गंगापुरी कृष्णेच्या काठी, आणि सगळं जग गंगापुरीत,” असं एक निवृत्त मास्तर म्हणाले. त्यांनी अकारविल्हे लावलेल्या नोंदींमध्ये वाईची नोंद कुठे येते तेही लगेच सांगितलं.

साताऱ्याच्या नावातले सात कोणते, हा प्रश्न तिथे मुद्दाम विचारून पाहावा. कोणी सात दरवाजे म्हणतं, कोणी सात बुरूज. सर्वांत जास्त मतं सात डोंगरांना पडतात आणि मग बोटांवर मोजणी सुरू होते: अजिंक्यतारा, सज्जनगड, यवतेश्वर, जरंडेश्वर, नाकडीचा डोंगर, किटलीचा डोंगर, पेढ्याचा भैरोबा. शेवटचं नाव आलं की ऐकणाऱ्यांपैकी एखादा कंदी पेढ्यांच्या दुकानाकडे बोट दाखवतो. खवा चांगला तांबूस भाजून केलेला, कमी गोडाचा हा पेढा साताऱ्याची ओळख आहे. भैरोबाचा पेढा आधी की दुकानातला, यावर दुकानदार आनंदाने बोलतो.

किल्ल्याच्या नावाची गोष्ट त्याहून गंभीर आहे. औरंगजेबाने १६९९ च्या अखेरीस साताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी किल्ला काही महिने झुंजवला. १७०० मध्ये तो पडला आणि बादशहाने आपल्या शहजाद्याच्या नावावरून त्याला ‘आझमतारा’ म्हटलं. पुढे मराठ्यांनी तो परत घेतला आणि ‘अजिंक्यतारा’ झाला. शब्दाचा पहिला भाग बदलला, ‘तारा’ तसाच राहिला. या ताऱ्यात महाराणी ताराबाईंचं नाव ऐकू येतं असं सांगणारे सातारकर आहेत. ताराबाई पुढे कोल्हापूरच्या गादीच्या संस्थापक म्हणून ओळखल्या गेल्या, त्यामुळे कोल्हापूरकर ही कोटी ऐकून लगेच विचारतो, “म्हणजे किल्ला आमचा म्हणायचा का?”

सातारा आणि कोल्हापूर यांच्या सगळ्या चिमट्यांचं मूळ इथेच आहे. शाहू महाराज १७०८ मध्ये साताऱ्यात छत्रपती झाले आणि घराण्याच्या दोन गाद्या झाल्या. त्यांच्यातली हद्द १७३१ च्या वारणेच्या तहाने ठरली. वारणेच्या अलीकडे सातारा, पलीकडे कोल्हापूर. तेव्हापासून ‘नदीपलीकडचे’ हा शब्द दोन्ही काठांवर वापरात आहे. त्यात आणखी एक गोंधळ नावाचा. साताऱ्याचे छत्रपती शाहू अठराव्या शतकातले, कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ ते १९२२ या काळातले. बाहेरचा माणूस नुसतं ‘शाहू महाराज’ म्हणाला की दोन्हीकडचे लोक एकाच वेळी विचारतात, “आमचे की त्यांचे?” आणि मग दोन्ही शाहूंबद्दल इतकं समरसून सांगतात की दीडशे वर्षांचं अंतर पाहुण्याच्या कायमचं लक्षात राहावं.

साताऱ्याने राज्यकारभाराच्या इतिहासालाही एक श्लेष दिला आहे. १९४२ च्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या खेड्यांत इंग्रजांना समांतर असं प्रतिसरकार चालवलं. गावोगावी न्यायनिवाडे केले, दारूबंदी केली, कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लावली, गावगुंडांना जरब बसवली. ‘प्रति’चं लोकांच्या तोंडी ‘पत्री’ झालं. गुन्हेगाराच्या तळपायाला, बैलाला नाल ठोकावा तसा पत्रा ठोकतात, अशी वदंता पसरली आणि नव्या नावाला नवा अर्थ चिकटला. नुसत्या नावाने धाक बसू लागला. एखाद्या अपभ्रंशाने चळवळीचं इतकं काम केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

हे सरकार मात्र कोणाचं, यावर आज दोन जिल्हे बोलतात. नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, त्यांचे सहकारी जी. डी. बापू लाड यांचं कुंडल औंध संस्थानात. १९४९ मध्ये जिल्ह्याचा खालचा भाग आणि आसपासच्या संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं गेलं. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकात ‘साताऱ्याचं प्रतिसरकार’ आणि नकाशावर त्याची मुख्य गावं सांगलीत. १९४३ मध्ये जिथे सरकारी पगाराची रेल्वेगाडी अडवली गेली ते शेणोली मात्र कराड तालुक्यात, म्हणजे अजूनही साताऱ्यात आहे. कुंडलच्या पारावर एक आजोबा समजुतीने म्हणाले, “सरकार तेंचं, माणसं आमची, गाडी निम्मी निम्मी.”

कराडला प्रीतिसंगमावर संध्याकाळी जावं. कोयना आणि कृष्णा समोरासमोरून येतात, एकमेकींना भिडतात आणि तिथून काटकोनात वळून एक होऊन चालू लागतात. दोन नद्यांची अशी थेट गाठ क्वचित दिसते. एरवी एक नदी दुसरीत बाजूने शिरते आणि कोण कोणाला मिळाली ते कळतं. इथे ते कळत नाही, आणि कराडकरांच्या वादाला तेच निमित्त. पुढे नाव कृष्णेचं का चालतं? कोयनेच्या खोऱ्यात पाऊस जास्त, मग नदीला कोयना का म्हणू नये? यावर एक आजी म्हणाल्या, “पोरगी सासरी गेली की नाव बदलतंच की. पण माहेरची वीज तिनं आधीच वाटून टाकली.”

त्या वाक्यात कोयना प्रकल्प सगळा आला. हेळवाकच्या वर कोयनेला अडवलं आहे. तिच्या धरणात सुमारे १०५ अब्ज घनफूट पाणी मावतं. त्यातलं बरंच पाणी पूर्वेला कराडकडे न येता डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पोफळीमार्गे वाशिष्ठीत जाऊन चिपळूणच्या खाडीला लागतं. कृष्णा पाणीतंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. निसर्गाने महाबळेश्वरला जे दोन समुद्रांत वाटलं होतं, ते माणसाने कोयनेत पुन्हा वाटलं. चिपळूणकर म्हणतात वीज आम्ही उतारावर बनवली, कराडकर म्हणतात पाणी आमचं. दोघंही खरं बोलतात.

संगमाशेजारी यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. त्यांच्या आत्मचरित्राचं नावच ‘कृष्णाकाठ’. ते कराडचे म्हणूनच ओळखले जातात, पण १९१३ मध्ये त्यांचा जन्म झाला तो देवराष्ट्रे या आजोळी, आणि देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात. वादाचा निकाल देवराष्ट्रेकरांनीच लावून ठेवला आहे: जन्म आमचा, कर्म कराडचं. गावाचं नाव कराड की कऱ्हाड, हाही प्रश्न उरतोच. जुन्या शिलालेखांत ‘करहाटक’ येतं, कऱ्हाडे ब्राह्मणांच्या नावात ‘ऱ्हा’ टिकून आहे आणि रेल्वेच्या पाटीवर कराड. दुकानांच्या पाट्यांवर दोन्ही वाचायला मिळतात, कधी एकाच गल्लीत.

कराडहून खाली येताना एसटीत भूगोलाचा तास चालू असतो. रेठरे म्हटलं तर कोणतं? बुद्रुक, खुर्द की हरणाक्ष? पहिली दोन कराड तालुक्यातली, तिसरं वाळव्यातलं. वाठार म्हणाल तर स्टेशनचं, किरोलीचं, कराडजवळचं की पार वडगावाकडचं? पेठ नाक्यावर गाडी थांबली तेव्हा पुण्याहून आलेल्या एका मुलाने विचारलं, “कोणती पेठ?” वाहक म्हणाला, “पुण्यात ढीगभर असतील बाळा, हितं एकच हाय. नुसती पेठ.”

त्या रेठरे हरणाक्षचं नाव घेतल्यावर थांबायलाच हवं. हे पठ्ठे बापूरावांचं गाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मणाघरचा मुलगा तमाशाच्या फडात उतरला आणि लावणीच्या इतिहासात पठ्ठे बापूराव म्हणून अमर झाला. तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी येते. सोंगाड्या समोरच्याचा प्रत्येक शब्द चुकीच्या बाजूने पकडतो, त्यातून नवा अर्थ काढतो आणि प्रश्नकर्त्याला गुंडाळतो. सवाल-जवाबात एक फड कोडं घालतो, दुसऱ्याने ते तिथल्या तिथे सोडवायचं. कृष्णाकाठच्या माणसाची जीभ या शाळेत तयार झाली आहे असं माझं ठाम मत झालं. एसटीतला वाहक आणि पारावरचे आजोबा ज्या लयीत उत्तर देतात ती बतावणीची लय आहे. लहानपणी जत्रेत रात्रभर बसून ऐकलेली.

सांगलीच्या नावाबद्दल सर्वांत प्रचलित समजूत सहा गल्ल्यांची. सहा गल्ल्यांचं गाव म्हणून सांगली. आता गल्ल्या मोजायला बसलं तर सकाळ पुरणार नाही, पण कोणत्या सहा, हे जुने लोक आवर्जून सांगतात आणि दोघांच्या याद्या जुळत नाहीत. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धन मिरजेच्या वाटणीतून वेगळे झाले आणि त्यांनी या छोट्या गावाला राजधानी केलं. सांगली-मिरज ही भाऊबंदकी तेव्हापासूनची. आज दोन्ही शहरं एकाच महानगरपालिकेत आहेत.

इथल्या राजवाड्यात ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’ झालं. तोच दिवस मराठी रंगभूमी दिन, आणि सांगली नाट्यपंढरी. यावर तंजावरचा मराठी माणूस नम्रपणे हात वर करतो: तिथल्या शहाजीराजे भोसल्यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीसच मराठी नाटकं लिहिली होती. कानडी माणूस म्हणतो, भाव्यांना चिंतामणरावांनी नाटक करायला सांगितलं ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून. आणि महात्मा फुल्यांच्या १८५५ च्या ‘तृतीय रत्न’कडे बोट दाखवणारे म्हणतात, माणसांच्या दुःखाचं पहिलं नाटक ते. मला वाटतं चारही बाजू एकत्र मांडल्या तरच मराठी नाटकाचा जन्म नीट सांगून होतो. सांगलीत हे सगळे मुद्दे मला नाट्यप्रेमींच्या एकाच घोळक्यात ऐकायला मिळाले.

सांगलीशेजारचं हरिपूर हे नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव. कृष्णा आणि वारणा यांचा संगम इथे. पलीकडे कोल्हापूर जिल्हा. म्हणजे १७३१ च्या तहाची रेघ इथे पायाखाली येते. पण हरिपूरचं खरं नवल जमिनीखाली आहे. सांगली ही हळदीची मोठी बाजारपेठ, आणि हळद साठवायला इथल्या लोकांनी नदीकाठच्या मातीत पेवं खणली. वरून माणूस आत उतरेल एवढं तोंड, खाली गाडग्यासारखं फुगत गेलेलं पोट. आतून शेण-मातीने लिंपायचं, उसाचं पाचट आणि चटया लावायच्या, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. हवा नाही, म्हणून कीड नाही. उघडल्यावर लगेच उतरायचं नसतं, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. उघडलेल्या पेवाच्या तोंडाशी मी वाकलो तेव्हा आलेला हळदीचा उग्र, ओलसर वास घशात कितीतरी वेळ होता. ‘पेव फुटलं’ हे आपण कशाच्याही सुकाळाला सहज म्हणतो. हरिपुरात ते म्हणू नये. २००५ आणि २०१९ च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं, हळद कुजली आणि पुष्कळ पेवं कायमची गेली. आता माल गोदामांत आणि शीतगृहांत जातो. “आमच्याकडं पेव खरंच फुटलं हो,” एवढंच एक व्यापारी म्हणाले, आणि ही एक कोटी अशी होती जिच्यावर कोणी हसलं नाही.

मिरजेत भोपळ्याला शून्य म्हणत नाहीत. मंगळवेढा-पंढरपूर भागातून भीमाकाठचे मोठे कडू भोपळे इथे येतात, वाळतात, भिजवले जातात, कापले जातात आणि त्यांचे तंबोरे आणि सतारी होतात. एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी हा उद्योग सुरू केला. हत्यारांना धार लावणारे हात तारांकडे वळले. एका दुकानात जवारी काढताना बघितलं. घोडीचा माथा कारागीर कानसीने इतका हळूच घासतो की भुकटी नखावरही दिसत नाही. मग तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. शेवटी तारेखाली सुताचा धागा सरकवत नेतो. एका जागी आवाज अचानक उघडतो आणि खोलीभर गुंजारव पसरतो. ही जवारी. याच भागात ‘जवारी’ म्हणजे गावठी, देशी. जवारी कोंबडी, जवारी मिरची. आणि ताटात ज्वारीची भाकरी. कारागिराने हे तिन्ही अर्थ एका दमात जुळवले: “जवारी भाकर खाल्ली तर जवारी हाताला बसते, आणि माणूस जवारीच पायजे.”

इथे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि १९३७ मध्ये ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या आवारात विसावले. त्यांच्या स्मृतीचा संगीतोत्सव तिथे अजून होतो. त्यांचं घराणं किराणा, आणि मिरजेच्या बाजारात किराणा दुकानं भरपूर, तेव्हा ही कोटी टळणं अशक्य. ते घराणं उत्तरेतल्या कैराना गावावरून ओळखलं जातं, हे मात्र मला एका किराणा दुकानदारानेच सांगितलं.

मिरजेहून जयसिंगपूर. राजर्षी शाहूंनी वडील जयसिंगराव यांच्या नावाने वसवलेली ही आखीव पेठ. इथल्या भडंगाचा सांगलीच्या भडंगाशी वाद आहे. दोन्ही खाल्ले, निकाल देत नाही. पुढे नृसिंहवाडी. तिला नरसोबाची वाडी म्हणा, नरसोबावाडी म्हणा की नुसती वाडी, कोणीही चुकीचं म्हणत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर दत्ताच्या पादुका आहेत. नदी चढली की पाणी देवळात उत्तरेच्या दारातून शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. तो दक्षिणद्वार सोहळा, आणि त्या पाण्यात स्नानाला लोक धावतात. वाईच्या रास्त्यांनी पूर अडवून दुभंगवला, वाडीकरांनी त्याला दार उघडून दिलं. खालच्या अंगाला खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, गोल उघड्या छताच्या स्वर्गमंडपाचं. महादेव आहे, नंदी नाही. नंदी नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे असं दोन्ही काठ सांगतात. देव महाराष्ट्रात आणि वाहन कर्नाटकात, पण पूजा कुठेही थांबलेली नाही.

कोल्हापुरात पोचल्यावर महाबळेश्वरचा प्रश्न परत समोर येतो, कारण इथेही पंचगंगा आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीला त्या एक होतात. एक पाहुणे पंचगंगेचं देऊळ विचारत होते. “देऊळ महाबळेश्वरात, नदी आमच्याकडं,” असं उत्तर मिळालं. या नदीचे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ आहेत: राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. सांगलीत आयर्विन पुलापाशी तेच ४० आणि ४५. कोल्हापूरच्या नावातच ‘पूर’ आहे ही कोटी जुनी, पण २०१९ मध्ये पाण्याने राजाराम बंधाऱ्यावर पन्नास फुटांची रेघही ओलांडली, तेव्हापासून ती दबक्या आवाजात सांगतात. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्याचा यात वाटा किती, हा महाराष्ट्र-कर्नाटकातला वाद मात्र गमतीचा नाही. तो अभियंते आणि लवाद यांच्यापुढचा आहे आणि घरं बुडणाऱ्यांना त्याचं उत्तर लवकर मिळायला हवं.

पुण्याशी कोल्हापूरचा हिशेब सिनेमाचा. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली. ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये तिने इथेच केला. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली आणि तिच्या जागेवर आज पुण्यातली फिल्म इन्स्टिट्यूट आहे. “प्रभात कोल्हापूरला झाली, दिवस पुण्यात उजाडला,” हे रंकाळ्यावर ऐकलं आणि वहीत लिहून घेतलं.

आणि चप्पल. कोल्हापुरी पायताणाला भौगोलिक मानांकन मिळालं ते एकट्या कोल्हापूरला नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्या नावाचे भागीदार आहेत. कर्नाटकातल्या अथणीचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ‘कोल्हापुरी’ बनवतात. वेणी घालताना त्यांचे हातही तेच करतात जे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कापशीच्या कारागिराचे. २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मूळचा उल्लेख न करता मिलानच्या मंचावर आणल्या आणि नंतर भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. तेव्हा आठही जिल्ह्यांचा माल एकाच नावाने ओळखला गेला, आणि कारागिराला योग्य मोल मिळावं ही मागणी आठही ठिकाणची आहे.

या सगळ्या कोट्या आणि वाद छापलेले फार कमी आहेत. ते सांगणारी माणसं सत्तरी-ऐंशीतली आहेत. तेव्हा एक विनंती. तुमच्या गावाच्या नावाची, नदीची, हद्दीची जी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना येते ती या सुट्टीत त्यांच्याजवळ बसून लिहून घ्या. सांगणाऱ्याचे शब्द बदलू नका, तालुका आणि साल विचारा, आणि शेजारच्या गावाचं म्हणणंही त्याच पानावर उतरवून घ्या.